पुराव्याचा पेपर

मी कायद्याच्या शेवटच्या परीक्षेत पास झालो होतो. हे इतकी वर्षं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या निमकर मॅडमना तर नाहीच. बोरिवली कोर्टाच्या आवारात मला ओळखणारे लोक वीसेक वर्षं असंच समजून आहेत, की परब कारकून लॉ करायला गेला आणि एका पेपरात अडकला. मीच तसं समजू दिलं. लोक नापास झाल्याचं लपवतात. मी पास झाल्याचं लपवलं... आणि ते लपवणं किती महाग पडलं, तेही माझ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाला, हे मला कळलं तेव्हा मॅडम राहिल्या नव्हत्या.

मॅडम गेल्या त्याला आता दोन महिने होत आले. फोन काकांचा आला. काका म्हणजे मॅडमचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यात एकही गोष्ट सरळ न बोललेले. मी दिंडोशीच्या कोर्टात फायलिंगच्या खिडकीसमोर रांगेत होतो. काका म्हणाले, "परब, मॅडमनी शेवटची तारीख घेतली रे. पुढची नाही." एवढंच. मागच्यानं ढकललं, "चला ना भाऊ, नंबर आला तुमचा." मी फाइल खिडकीत सरकवली, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला, तारीख नीट उठलीये का ते पाहिलं, आणि मग जिन्याखाली जाऊन रडलो. मॅडमनी हे पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, क्रम बरोबर आहे.

अॅडव्होकेट सुलभा निमकर यांच्या ऑफिसात मी शिरलो तो टायपिस्ट म्हणून. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर आम्ही परळहून कांदिवलीला आलो होतो. मी रात्रीच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, मिठाईच्या दुकानावर असलेल्या एका क्लासात मराठी आणि इंग्रजी टायपिंग शिकलो, आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं म्हणून बोरिवलीत मॅडमचं ऑफिस शोधत गेलो. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. मॅडमनी मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "टायपिंग येतं, ते ठीक. वाचता येतं का?" मी मान हलवली. "मान हलवून नाही चालणार. मोठ्यानं वाचता येतं का?" आणि समोरच्या दाव्याचा मसुदा माझ्याकडे सरकवला. मी वाचत गेलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "थांब. इथे तू अडखळलास. म्हणजे वाक्य चुकलंय माझं." त्यांनी तिथल्या तिथे वाक्य बदललं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

मसुदा मोठ्यानं वाचून घ्यायचा ही त्यांची पद्धत. कोर्टात शेवटी सगळं कानानंच ऐकलं जातं, तेव्हा कागदसुद्धा आधी कानाला पटला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी वर्षानुवर्षं त्यांचे दावे, कैफियती, अर्ज, युक्तिवादाचे मुद्दे मोठ्यानं वाचत राहिलो. घरी मी घुम्या. आई म्हणायची, "मेल्या, तुका चाय होई काय म्हणान इचारला तरी मान हलवतंस." पण मॅडमच्या पार्टिशनआड माझा आवाज खणखणीत यायचा. तिथे ऐकायला त्या एकट्या होत्या ना...

वकिलाचा कारकून कसं व्हायचं हे शिकवणारं कॉलेज मी तरी पाहिलेलं नाही. मॅडमनी मला ते एकेक पायरीनं शिकवलं. पहिले काही महिने फक्त फायली. पानांना क्रमांक घालायचे, दाभणानं भोकं पाडून दोरा ओवायचा, गाठ अशी मारायची की ऐन कोर्टात एक पान काढावं लागलं तर अख्खी फाइल मांडीवर सांडू नये. मग बोर्ड बघणं, म्हणजे उद्या कुठल्या कोर्टात आपलं कुठलं प्रकरण कितव्या नंबरवर आहे ते टिपून आणायचं. मग फायलिंग आणि ऑफिसनं काढलेल्या हरकती. कधी कोर्ट फीचा स्टॅम्प कमी, कधी सही राहिलेली, कधी प्रत पुसट. पहिल्यांदा एका दाव्याला ढीगभर हरकती लागल्या तेव्हा मी तोंड पाडून आलो. मॅडम म्हणाल्या, "वाट लागली असं तोंड करू नकोस. हरकत म्हणजे ते लोक आपला कागद खरोखर वाचतायत. आनंद मान." मग नकला काढणं, आणि कोर्टानं त्या दिवशी काय नोंदवलं तो रोजनामा उतरवून आणणं. काही वर्षांनी मॅडमच्या शिफारशीवर मला कारकुनाचं ओळखपत्र मिळालं. ते शर्टाला लावून घरी गेलो तेव्हा वडिलांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "फोटो बरो इलो." त्यांच्या दृष्टीनं हे कौतुक पुष्कळ होतं.

मला ते काम आवडायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी मन मारून कारकुनी केली. अजिबात नाही. सकाळी कोर्टाच्या फाटकातून आत शिरलं की मला माझ्या जागी आल्यासारखं वाटतं. आजही वाटतं. एखादं प्रकरण दाखल करण्यापासून ते पुकारलं जाईपर्यंत सगळी वाट आमची. पुकारा झाला की मात्र ती वाट संपते आणि वकिलाची सुरू होते. तिथून पुढे बोलायचं असतं, आणि तिथेच माझी घाबरगुंडी उडायची.

लॉ करायचं हे मॅडमच्याच डोक्यातलं. "तू अर्धा वकील झालायस, उरलेला अर्धा कॉलेजात जाऊन हो." सकाळचं कॉलेज, मग ऑफिस. मॅडमना मूलबाळ नव्हतं. ज्युनियर मुलं येत, वर्ष-दीड वर्ष शिकत, मग हायकोर्टाकडे, फोर्टात मोठ्या ऑफिसात जात. मॅडमना असं कुणीतरी हवं होतं जे जाणार नाही, ज्याच्या हातात त्या आपली प्रकरणं सोडू शकतील. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं. आई मात्र म्हणाली, "तू कोर्टात बोलतलंस? तुझ्या वतीन बोलूक आधी आम्ही एक वकील बघूक होयो."

शेवटच्या परीक्षेचा निकाल लागायच्या आठवड्यात एक फजिती झाली. मॅडम दिंडोशीला अडकल्या होत्या आणि बोरिवलीत आमचं प्रकरण पुकारलं गेलं. अशा वेळी कारकुनानं उठून एवढंच म्हणायचं असतं, की मॅडम दुसऱ्या कोर्टात आहेत, थोड्या वेळानं घ्यावं. मी ही विनंती नेहमी मॅजिस्ट्रेटच्या पुढ्यात बसणाऱ्या कोर्टाच्या क्लार्कला चिठ्ठी सरकवून करायचो. ते मला हसून मौनीबाबा म्हणायचे. त्या दिवशी ते रजेवर. मी उठलो. पांढरा शर्ट, काळी पँट, छातीशी फाइल. मॅजिस्ट्रेट नवीन होते, त्यांना मी वकीलच वाटलो. म्हणाले, "हं, बोला." घसा असा कोरडा पडला की मला माझं नावसुद्धा सांगता येईना. "बोला वकीलसाहेब. आरोपीतर्फे की फिर्यादीतर्फे?" मी... खाली बसलो. अख्खं कोर्ट हसलं. कुणीतरी म्हणालं, "साहेब, तो कारकून आहे." "मग उभा कशाला राहिला?" मॅजिस्ट्रेटही हसले आणि त्यांनी पुढची तारीख दिली. कुणाचं काही बिघडलं नाही. मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्याही पोट धरून हसल्या. पण "मग उभा कशाला राहिला" हे वाक्य माझ्या कानातून जाईना.

निकाल कॉलेजच्या फळ्यावर लागला. सगळे विषय सुटले होते आणि पुराव्याच्या कायद्यात तर सगळ्यात जास्त मार्क. मी भर रस्त्यात एकटाच हसत ऑफिसात आलो. पार्टिशनच्या आत गेलो तर टेबलावर पेढ्यांचा खोका, आणि त्याच्या शेजारी पांढरे स्वच्छ बँड, वकील गळ्याला बांधतात ते, नवेकोरे. मॅडमनी विचारलंही नाही. म्हणाल्या, "सनद आली की पहिल्याच दिवशी उभं राहायचं. साधंसं मॅटर काढून ठेवलंय तुझ्यासाठी." मी त्या बँडकडे पाहिलं. कोर्टातलं ते हसू पुन्हा कानात वाजलं. आणि तोंडातून निघालं, "मॅडम, पुराव्याचा पेपर गेला."

दुसरा कुठला विषय का नाही सुचला, देव जाणे. मॅडमनी खोका उघडून माझ्यापुढे धरला. "घे. नापास झालेल्यांनी पेढा खाऊ नये असा कायदा नाही." मी खाल्ला. "आणि पुरावा माझा आवडता विषय आहे. शनिवारी घरी ये. मी बघते पास कसा होत नाहीस ते."

गुणपत्रिका त्यांनी कधीच मागितली नाही. कोर्टाचा कागद त्या तीनदा तपासत, पण माणसाच्या शब्दाला पुरावा मागणं त्यांना हलकं वाटायचं. वकिलीची सनद घेतली असती तर मला कारकुनाचं ओळखपत्र परत करावं लागलं असतं. मी स्वतःशी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, धीर आला की सांगू.

आणि मग ते शनिवार सुरू झाले. मोकळेपणानं सांगायचं तर, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. दुपारी मॅडमच्या घरी जायचं. काका थालीपीठ लावायचे, त्यांच्या हातचं थालीपीठ कडेला काळं आणि मध्ये कच्चं असायचं. जेवण झालं की बैठकीच्या खोलीचं कोर्ट व्हायचं. मॅडम वेताच्या खुर्चीत न्यायाधीश, काका साक्षीदार आणि मी उलटतपासणी घेणारा वकील.

"साक्षीदार, काल संध्याकाळी आपण दूध आणायला गेला होतात?"

"गेलो होतो, मायलॉर्ड."

"मायलॉर्ड तिकडे बसल्यात. माझ्याकडे बघून उत्तर द्या. किती वाजता गेलात?"

"आठवत नाही. माझं वय झालंय आणि बायको वकील आहे."

"परब," न्यायाधीशांच्या खुर्चीतून आवाज यायचा, "साक्षीदाराला मोकळा सोडू नकोस. त्याला हो किंवा नाही एवढीच जागा ठेव. विचार, पिशवी कुठे होती."

"पिशवी कुठे होती?"

"खुंटीला."

"मग दूध कशात आणलंत?"

काका डोकं खाजवायचे. "ऑब्जेक्शन."

"साक्षीदाराला ऑब्जेक्शन घेता येत नाही हो!" मॅडम हसून हसून लाल व्हायच्या.

खोटं बोलणारा माणूस नको तिथे तपशील देतो, प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, हे त्या मला शिकवत होत्या. मी समोर बसून टिपून घेत होतो. खोटं कसं पकडावं हे शिकवणाऱ्या त्या बाईंनी समोरच्या खोट्यावर एकदाही संशय घेतला नाही. आणि मी? मला जे आधीच येत होतं ते मी पुन्हा पुन्हा शिकत होतो, आणि प्रत्येक वेळी ते अधिक छान वाटत होतं. त्या खोलीत मला बोलता येत होतं. परीक्षा आली की मी एक दिवस रजा घ्यायचो, कांदिवलीच्या बागेत बसून परत यायचो. निकाल लागला की सांगायचो, "पुन्हा गेला, मॅडम."

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "राहू दे आता, परब. माझंच कुठेतरी चुकतंय." मला वाटलं, माझं मन राखायला बोलल्या. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता खोटं बोलावं लागणार नव्हतं. शनिवार संपल्याचं दुःख झालं, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माझ्या फायलींत होतो आणि मजेत होतो. मॅडमही पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. आम्ही पुढे कितीतरी वर्षं एकत्र काम केलं, भांडलो, कँटीनमधला मिसळपाव खाल्ला, जिंकलो, हरलो.

मग मॅडमना पार्किन्सनचा त्रास सुरू झाला. हात थरथरायचा त्याचं त्यांना काही नव्हतं, पण आवाज बारीक होत गेला. लताबाई नावाच्या एका विधवा बाईंचं प्रकरण त्यांनी पहिल्यापासून लढवलं होतं. दिरानं त्यांना राहत्या खोलीतून काढायचं ठरवलं होतं. शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी मॅडम उभ्या राहिल्या आणि न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, जरा मोठ्यानं बोलाल का?" त्यांनी प्रयत्न केला. न्यायाधीश पुन्हा म्हणाले, अगदी आदरानं म्हणाले. मी मागच्या बाकावर होतो. त्या प्रकरणाचं पान न् पान मला पाठ होतं, त्यातला प्रत्येक कागद मी मोठ्यानं वाचला होता. पदवी घरी ट्रंकेत होती. मी उठू शकलो असतो, जर... मॅडमनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. मग त्यांनी तारीख मागून घेतली आणि प्रकरण एका ओळखीच्या वकिलांना दिलं. त्यांनी चांगलं लढवलं. लताबाईंची खोली त्यांच्याकडेच राहिली, त्या अजून तिथे राहतात. निकालाच्या दिवशी मॅडम रिक्षात मला एवढंच म्हणाल्या, "बोलला बरा. पण त्याला पानं शोधावी लागली. तुला लागली नसती."

आमची शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. त्यांचा आवाज ऐकायला कान अगदी जवळ न्यावा लागे. म्हणाल्या, "तो पेपर दे रे एकदा. पण दुसऱ्या कुणाकडून तरी शीक. माझ्याकडून नको." मी म्हटलं, "देतो, मॅडम." त्या शेवटच्या दिवसांतही मी खोटंच बोललो. आणि "माझ्याकडून नको" याचा अर्थ मला तेव्हाही लागला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी मी काकांकडे गेलो. ते मॅडमच्या खोलीत कपाटासमोर स्टूल टाकून बसले होते, कायद्याची पुस्तकं कुठल्या लायब्ररीला द्यायची ते ठरवत होते. मी खाली सतरंजीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पेढ्यांपासून बागेपर्यंत. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी दोन वर्षं फुकट साक्ष दिली?" आणि हसले. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो.

हसणं थांबल्यावर त्यांनी चष्मा काढला. "तुला माहीत नसेल," ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "ते शनिवार बंद झाल्यावर तिला लॉ कॉलेजात शिकवायला बोलावलं होतं. आठवड्यातून दोन तास, पुराव्याचा विषय. तिची फार इच्छा होती रे. गेली नाही. मी म्हटलं, अगं जा ना, तुला हौस आहे. तर म्हणाली, ज्या माणसाला मी रोज बघते त्याला दोन वर्षं बसवून एक पेपर शिकवता आला नाही मला. वर्गभर मुलांची वाट कशाला लावू?"

काका पुढे म्हणाले, "मी तिला म्हणायचो, परबाचं डोकंच जरा जाड असेल. तर माझ्यावर चिडायची. म्हणायची, त्याचं डोकं चांगलं आहे, माझंच शिकवणं वाईट." त्यांनी हातातलं पुस्तक पुसलं आणि बाजूच्या ढिगावर ठेवलं. "मरेपर्यंत तेच समजून होती."

मी माफी मागितली. काका म्हणाले, "माझी मागून काय उपयोग? मी आपला साक्षीदार." मग कपाटाकडे वळून, "किती मार्क होते रे त्या पेपरात?" मी सांगितलं. "तिला आवडलं असतं," एवढंच म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

त्या खोलीतला पलंग आता काढला आहे. टेबल तसंच आहे, त्यावर मॅडमच्या हाताच्या कंपामुळे सांडलेल्या शाईचा डाग आहे, आणि काकांनी तो पुसू दिलेला नाही. गेल्या आठवड्यात मी त्या टेबलाशी बसून सनदीचा अर्ज भरला. काका शेजारी उभे राहून माझी एकेक सही बघत होते. अर्ज मंजूर झाला की ओळखपत्र परत करायचं. माझं वय पाहून बार रूममध्ये हसतील, हसू देत. बायकोला परवा सांगितलं, ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. कारकून म्हणून मी सुखात जगलो, याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. मला मिळालेले ते मार्क शनिवारांच्या आधीचे होते. पार्टिशनआड त्यांचे कागद मोठ्यानं वाचता वाचता मला तो विषय येऊन गेला होता. त्यांनी शिकवलं आहे हे त्यांनाही कळायच्या आधी त्यांनी मला शिकवून टाकलं होतं. "मॅडम, मी पास झालो, आणि तुमच्यामुळे झालो," हे वाक्य मी त्यांना सांगायला हवं होतं, आणि त्या वर्गातल्या मुलांना त्या मिळायला हव्या होत्या. वर्ग आता परत देता येत नाही. ते वाक्य मी त्यांना देणं लागतो, आणि एकदा तरी कोर्टात उभं राहून मोठ्यानं बोलणं. दोन्ही अजून दिलेली नाहीत.